लोणंदची टाकी
शेजारी गेटला रंग लागतोय, आणि थिनरचा तो उग्र वास नाकात शिरला की माझं डोकं आजही फिरतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. आमचे हे लोखंडी टाक्यांना गंज धरू नये म्हणून रंग मारायचे, आणि लोणंदच्या एका कारखान्यातली तेलाची टाकी करत होते. घरी आले तरी बोलणं तिचंच. मोरीतलं आमचं पिंप गंजून गळत होतं, त्याच्याकडे ढुंकून बघायचे नाहीत. एके दिवशी मी नवी हिरवी साडी नेसले आणि डबा घेऊन वाईहून एसटीने थेट तिथेच गेले. वाळूच्या माऱ्याने घासलेली टाकी उन्हात चांदीसारखी लखलखत होती. मी मुद्दामच तिला हात टेकवला. "आगं, हात काढ! घाम लागला की रंगाखाली फोड येतोय, तितनंच गंज धरतोय," हे ओरडले. "आवं, मी डबा घिऊन एवढ्या लांबनं आलीया," मी म्हटलं. साडीकडे बघितलं नाही, डब्याकडे नाही. ह्यांनी थिनरमध्ये फडकं भिजवलं आणि माझ्या पंजाचा ठसा हळुवार पुसून काढला, तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसा. आता फलटणला लेकीकडे जाताना एसटी त्या कारखान्यावरून जाते. मी हट्टाने खिडकीशी बसते आणि त्या सवतीच्या अंगावर गंजाचा एक तरी डाग दिसतो का ते शोधते. आणि हे माझ्या अंगावरून वाकून तिलाच बघत असतात.