वाकडा पाना

मिस्त्रींचा उजवा अंगठा सगळ्या पेठेत प्रसिद्ध होता. रोजचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणाऱ्या या माणसाला शेजारचे दुकानदार 'अंगठेबहाद्दर' म्हणत, आणि राग येण्याऐवजी मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसत. धंद्यात त्यांचं जे काही नाव होतं, ते त्या अंगठ्याच्या जोरावर होतं.

प्रकरण तसं साधं आहे. इंजिनात नवीन कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा, घातली की डिस्ट्रिब्यूटर पुन्हा जुळवावा लागतो, म्हणजे ठिणगी नेमक्या वेळी नेमक्या सिलिंडरला पोचते. त्यासाठी पहिला पिस्टन वर आणायचा आणि पुलीवरची खूण जुळवायची. गोम अशी की पिस्टन दोनदा वर येतो, एकदा हवा दाबत आणि एकदा धूर बाहेर ढकलत. खूण मात्र दोन्ही वेळा जुळते. धुराची वेळ पकडली तर डिस्ट्रिब्यूटर बरोबर अर्धा फेरा उलटा बसतो आणि गाडी खोकते, बार काढते, पण चालू होत नाही. मिस्त्री प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून दुसऱ्या हाताने इंजिन फिरवत. दाबलेल्या हवेने अंगठा ढकलला की म्हणत, "आली!" मग ते खिशातून वाकडा पाना काढत. डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट इंजिनाच्या आडोशाला असतो, सरळ पाना तिथे पोचत नाही, म्हणून तो त्यांनी स्वतः तापवून वाकवला होता. तो पाना ते कुणाच्या हातात देत नसत. जेवतानासुद्धा तो ताटाशेजारी असायचा.

कुणाच्या म्हणजे मुख्यतः धाकट्या भावाच्या. गॅरेज वडिलांनी दोघांच्या नावावर ठेवलं होतं. मिस्त्रींनी भावाला ब्रेक शिकवले, क्लच शिकवला, कार्बोरेटर उघडायला शिकवला. टायमिंगचा, म्हणजे ठिणगीची वेळ जुळवण्याचा, विषय निघाला की म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." अशी कितीतरी पुढची वर्षं मागे पडली. एकदा धाकट्याने अंगठ्याऐवजी भोकात कागदाचा बोळा खोचून बघितला. दाब आला की बोळा उडतो, न उडाला तर वेळ धुराची. युक्ती वाईट नव्हती. पण मिस्त्रींनी दोन गिऱ्हाइकांसमोर बोळा त्याच्या तोंडावर फेकला. "कागदानेच गाड्या लावायच्या असतील तर पोस्टात नोकरी धर!" गिऱ्हाइकं हसली. धाकटा तेव्हा बावीस वर्षांचा होता. तो हात पुसून बाहेर गेला.

पुढे धाकट्याने कॉम्प्युटर लावून तपासायच्या नव्या गाड्यांचं काम बाहेर जाऊन शिकून घेतलं. गॅरेज हळूहळू त्याचं होत गेलं आणि मिस्त्रींच्या वाट्याला मागच्या भिंतीजवळचा कोपरा उरला. एक खड्डा, एक बाक आणि महिन्याला एखाददुसरी म्हातारी गाडी. धाकट्याला त्या कोपऱ्यात गाडी उचलायचं मशीन बसवायचं होतं. सहा महिन्यांपूर्वी त्यावरून जोरदार वाजलं. तावातावात मिस्त्री म्हणाले, "ज्या दिवशी माझी गाडी पहिल्या स्टार्टरला लागणार नाही ना, त्या दिवशी हा पाना खाली ठेवीन. मग घाल तुझं मशीन इथे!" जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरंच. नसती शपथ स्वतःच स्वतःच्या गळ्यात बांधून घेतली.

कारण तेव्हाच अंगठा दगा देऊ लागला होता. एकदा सकाळी त्यांनी चहाचं पातेलं चिमट्याशिवाय उतरवलं. बायको ओरडली तेव्हा त्यांना दिसलं की अंगठ्याचं कातडं पांढरं पडलंय. फोड आला, पण दुखलं काही नाही. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळे संवेदना गेली, ती आता परत यायची नाही.

"भाऊजींना सांगा," बायको म्हणाली.

"खबरदार!"

"अहो, भाऊच आहे तुमचा."

"म्हणूनच सांगतोय, खबरदार."

झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानंतर मिस्त्रींनी चार गाड्या केल्या. अंगठा भोकावर ठेवला, इंजिन फिरवलं, कानाने अंदाज घेतला, मनाशी देवाला हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, "आली!" चारही गाड्या पहिल्या स्टार्टरला लागल्या. तेव्हा त्यांना वाटलं, इतक्या वर्षांची विद्या बोटात नसते, रक्तात असते. बायकोला त्यांनी तसं ऐकवलंही. ती भाकरी थापता थापता थांबली, त्यांच्याकडे बघून पुन्हा थापू लागली.

पाचवी गाडी बाईंची होती. बाई म्हणजे निम्म्या पेठेला गणित शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांच्या गाडीची कॅमशाफ्ट झिजली होती आणि तसली आता कुठे बनत नाही. आठ महिने शोधल्यावर एका बंद पडलेल्या दुकानात एक सापडली, मूळच्या तेलकट कागदात गुंडाळलेली. तसली दुसरी मिळणार नव्हती. नव्या कॅमशाफ्टचं असं असतं की इंजिन चटकन लागलं पाहिजे आणि वीस मिनिटं जोरात चाललं पाहिजे. नुसता स्टार्टर मारत बसलं तर तिचे उंचवटे घासून जातात आणि ती कायमची वाया जाते.

मिस्त्रींनी संध्याकाळपर्यंत सगळं जोडलं, खूण जुळवली आणि "आली!" म्हणून डिस्ट्रिब्यूटर आवळला. इंजिन त्यांनी चालू केलं नाही. वडिलांपासूनची पद्धत होती, जुळवलेलं इंजिन एक रात्र झोपू द्यायचं, तेल मुरू द्यायचं आणि सकाळी दहाला मालकासमोर किल्ली फिरवायची. दुकान उघडायला धाकटा आठला येई, मिस्त्री पूजा-आंघोळ आटपून दहाला.

सकाळी बाई काठी टेकत हजर झाल्या. धाकटा हातातलं काम टाकून कोपऱ्यापाशी येऊन उभा राहिला. एरवी तो कधी येत नसे. मिस्त्रींनी किल्ली फिरवली.

गाडी खोकली. कार्बोरेटरमधून जाळ निघाला आणि असा काही बार झाला की बाईंच्या हातातली काठी पडली. मिस्त्रींनी पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा बार झाला. पेट्रोल जास्त झालं असेल, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी तिसऱ्यांदा किल्लीला हात घातला, तेवढ्यात धाकट्याने बॅटरीची वायर उपटली.

"बस, दादा. कॅमशाफ्ट जाईल."

मग त्याने पेपरचा कोपरा फाडला, बोळा केला, पहिला प्लग काढून भोकात खोचला आणि इंजिन हाताने फिरवलं. खूण जुळली, बोळा जागच्या जागी. पुढचा एक फेरा. 'फट्' करून बोळा उडाला आणि बरोबर मिस्त्रींच्या पायाशी पडला. डिस्ट्रिब्यूटर अर्धा फेरा उलटा बसला होता. शिकाऊ माणसाची चूक होती ती.

मिस्त्रींचा हात खिशात गेला. वाकडा पाना त्यांनी बाहेर काढला आणि पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा. आत कुठेतरी त्यांना वाटलंही, की हे तरी माझ्या हातून त्याला मिळू दे.

धाकट्याने तो घेतला नाही. तो आपल्या पेटीकडे गेला, तळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. पाना होता. तसाच वाकडा, त्याच मापाचा.

"कधी केलास?" मिस्त्रींनी विचारलं.

"तू बोळा तोंडावर फेकलास ना, त्याच आठवड्यात."

इतकी वर्षं पडून राहिलेला पाना गंजलेला, काळा असायला हवा होता. याचं तोंड मात्र घासून लखलखीत झालं होतं. मिस्त्रींची नजर मेली नव्हती, फक्त अंगठा मेला होता. त्यांना आठवलं, धाकटा आठला येतो आणि आपण दहाला.

"किती गाड्या?" त्यांनी हळूच विचारलं. बाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

"चारही तपासल्या. दोन उलट्या होत्या." धाकटाही हलक्या आवाजात बोलत, मान खाली घालून बोल्ट सैल करत होता. "वहिनीने सांगितलं होतं मला."

"मग आज का नाही केलंस?"

धाकट्याचा हात थांबला. "आज सकाळी पाना काढला होता मी. मग वाटलं, का म्हणून? बावीस वर्षांच्या पोराला चार लोकांत नागडं केलंस, तेव्हा माझी अब्रू कुणी झाकली होती?" त्याने बोल्टाला एक हिसका दिला. "पुन्हा ठेवून दिला. चुकलंच माझं. बाईंची कॅमशाफ्ट गेली असती."

मिस्त्रींना वाटलं, याने शिव्या द्याव्यात, भांडावं, म्हणजे आपल्यालाही ओरडता येईल. खूप लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बायकोचा राग आला, आणि रागातही हे कळत होतं की त्या दोघांनीच आपल्याला सहा महिने जगवलं.

डिस्ट्रिब्यूटर वर आला, अर्धा फेरा फिरून पुन्हा खाली बसला. धाकट्याने वायर जोडली. गाडी पहिल्या स्टार्टरला लागली आणि वीस मिनिटं न खोकता, एका सुरात चालली. बाईंचा चेहरा खुलला. त्या मिस्त्रींकडे वळल्या.

"शेवटी हात तुमचाच हो, मिस्त्री! मी घाबरलेच होते."

मिस्त्रींनी तोंड उघडलं, पण धाकटा आधी बोलला. "दादाचाच हात. मी नुसता बोल्ट आवळला."

बाई गाडी घेऊन गेल्या. कोपऱ्यात पेट्रोलचा वास तेवढा राहिला. मिस्त्रींनी शपथेप्रमाणे आपला वाकडा पाना बाकावर ठेवला, नीट, तोंड भावाकडे करून. मशीन कधी येणार, असंही विचारलं. "सोमवारी," धाकटा म्हणाला.

मग त्याने आपला पाना पुसला, फडक्यात गुंडाळला, पेटीत ठेवला आणि पुढच्या गाडीकडे निघून गेला. बाकावरचा पाना त्याने उचलला नाही. त्याला त्याची गरज नव्हती.