देवळाबाहेरचं गाऱ्हाणं

सत्यवतीबाईंना वह्या तपासायचा कंटाळा नव्हता, धास्ती होती. वर्गभर पोरांच्या वह्या उघडायच्या आणि सगळ्या वह्यांतून एकच माणूस बोलायचा. ‘माझा गाव’ असा निबंध दिला की प्रत्येकाच्या गावातून नदी खळखळ वाहायची आणि तिचं पाणी स्फटिकासारखं निर्मळ असायचं. डिचोलीच्या त्या भागात खाणींची माती ओढ्यांना लागलेली. पाण्यात पाय घातला तर पाय दिसत नसे, इतकं ते तांबडं. बाई एखाद्या पोराला उभं करून विचारत, “अरे, काल ओढ्यावर म्हस धुवत होतास ना? पाणी कुठल्या रंगाचं होतं?”

“तांबडें, बाई.”

“मग वहीत निर्मळ कसं झालं?”

पोरगा बुचकळ्यात पडायचा. ओढ्यातलं पाणी वेगळं आणि निबंधातलं वेगळं, ही साधी गोष्ट एवढ्या शिकलेल्या बाईंना कशी कळत नाही, असा त्याचा चेहरा असायचा.

बाई मूळच्या पेडण्याच्या. वडील कचेरीत कारकून. गोवा मुक्त झाला तेव्हा त्या परकर-पोलक्यात होत्या. मग गावोगाव मराठी शाळा निघाल्या, आणि घरात पोथीवर अक्षरं गिरवलेली ही मुलगी म्हापशाला जाणाऱ्या कारेरीत, म्हणजे आपल्या बसमध्ये, चेपून बसून बी.ए. झाली. पुढं लाटंबार्शाच्या पलीकडच्या एका गावी हायस्कुलात मराठी शिकवायची नोकरी लागली, तेव्हा तिथंच एक खोली घेऊन राहिली. तिशी आली तरी लग्न नव्हतं. त्याची काळजी गाव करत होता, म्हणून बाईंना करावी लागत नव्हती. त्यांना दुसराच घोर होता. आपल्या हाताखालून गेलेल्या एका तरी पोरानं पुस्तक वाचून स्वतःच्या मनातल्या चार ओळी लिहाव्या, एवढी एकच त्यांची हाव होती आणि ती काही केल्या पुरी होत नव्हती.

धडा संपला की त्या विचारत, “काय वाटलं तुम्हाला?” वर्ग गप्प. त्या भागात ‘कसं वाटतं’ हे फक्त आजाऱ्याला विचारतात. धडधाकट पोरांना कुणी तसं विचारलंच नव्हतं. मागच्या बाकावरचा गुरुदास शेवटी दया येऊन म्हणायचा, “बाई, किते वाटूंक जाय तें तुमी सांगा, आमी बरयतांव.” म्हणजे, काय वाटायला हवं ते तुम्हीच सांगा, आम्ही लिहितो. बाई चिडायच्या, डस्टर आपटायच्या, घरी जाऊन न जेवता पडून राहायच्या. सकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की उठून पाव घ्यायच्या आणि पुन्हा शाळेत.

त्या वर्षी दहावीला एक गोष्ट होती. तुळसा नावाची मोलकरीण. जन्मभर एका घरी राबते. घरात दागिना हरवतो, आळ तिच्यावर येतो. सगळा गाव अंगणात उभा राहून बघतो, कुणी तोंड उघडत नाही, आणि तुळसा गाव सोडून जाते. बाईंनी गोष्ट वाचून दाखवली. मग त्यांनी सांगितलं, “घरी जाऊन लिहा. बोध नको. तात्पर्य नको. मनात आलं ते लिहा.”

वह्या आल्या. ‘या कथेतून आपणास असा बोध मिळतो की’ इथून सुरुवात, ‘खोटे आरोप करू नयेत’ इथं शेवट. बाई एकेक वही मिटत गेल्या. आणि तळाशी गंगेची वही निघाली.

गंगा ही भिकाजी ट्रकवाल्याची मुलगी. कुटुंब दोडामार्गाकडचं, खाणीच्या कामापायी इथं आलेलं. बाप खनिजाचा ट्रक चालवायचा, आई जानकी दुसऱ्यांच्या काजूबागेत बिया गोळा करायची. पोरगी वर्गात तोंड उघडत नसे. आजवर तिनंही नद्या निर्मळच वाहवल्या होत्या. पण या वेळी तिनं निबंध लिहिलाच नव्हता. तिनं देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, देवळात घालतात तसं, आपल्या बोलीत:

“बा देवा म्हाराजा, आज ही तुळसा तुझ्या पायाकडे इली हा. तिना चोरी करूक नाय. जेंच्या घरात ती जल्मभर राबली, तेंनीच तिका चोर म्हटला. सगळो गाव बघी होतो, पण कोणाच्या तोंडातसून शब्द फुटाक नाय. म्हणान तिच्या वतीन मी बोलतंय. तिच्या वाटेतलो काळोख दूर कर रे म्हाराजा. आणि जे उगी बघीत रवले, तेंका तेंची जीब परत दी रे म्हाराजा.”

बाईंनी ते उभ्यानं वाचलं आणि मग खाली बसल्या. शिक्षकांच्या खोलीत हेडमास्तर कृष्णनाथ सर चहा पीत होते. बाईंच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं पाहून त्यांनी विचारलं, “घरून काही वाईट निरोप?” बाईंनी नाही अशी मान हलवली. त्यांना इतका आनंद झाला होता की तो कुणाला सांगायचा हेच सुचेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गंगेला वर्गापुढं उभं केलं आणि वाचायला लावलं. पहिलं वाक्य कसंबसं झालं, आणि सवयीनं म्हणा, मस्करीनं म्हणा, मागून गुरुदास म्हणाला, “व्हय म्हाराजा.” दुसऱ्या वाक्याला चार पोरं म्हणाली. तिसऱ्याला सगळा वर्ग. गाऱ्हाण्यात मानकऱ्याच्या प्रत्येक मागणीला गाव असाच होकार देतो. गंगेचा आवाज चढत गेला, पोरांचा होकार चढत गेला, आणि त्यात बाईंचाही आवाज मिसळला. शाळेची जनेलं, म्हणजे खिडक्या, सताड उघडी होती. पलीकडं शेत, शेतापलीकडं देऊळ.

परक्या माणसाला यात काही वावगं दिसलं नसतं. बाई परक्या नव्हत्या. गाऱ्हाणं कुणी घालायचं, याचे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात; देवापुढं नारळ-विडा ठेवून मानकऱ्यानंच घालायचं असतं, हे पेडण्याच्या मुलीला कुणी शिकवायला नको. पण त्या घडीला त्यांना वाटलं, ते देवळातलं, हे शाळेतलं. एवढ्या वर्षांनी पोरं बोलली होती. नियम आठवायला बाईंचं मन जागेवर होतं कुठं?

पंधरवडाही गेला नाही तो गावच्या गुरांना खुरकूत लागली. म्हशी लाळ गाळत बसल्या. मानकरी गोकुळदास यांनी देवाचा कौल घेतला. देवाच्या अंगावर लावलेली फुलं डावीकडून पडली. पुन्हा लावली, पुन्हा डावीकडून. देव कशानं तरी रागावला होता. मग कुणीतरी म्हणालं, शाळेत त्या ट्रकवाल्याच्या चेडवानं, पोरीनं, देवाला हाक मारली होती, आम्ही शेतातून ऐकली.

गंगेची जागा रिकामी झाली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बाई तिच्या घरी गेल्या.

जानकीनं बाईंना बसायला कदेल पुसून पुढं केली. भिकाजी उंबऱ्याशी उकिडवा बसला. “बाई, आमी हय पोटाक लागान इलेली माणसा,” तो म्हणाला. “माझ्या सोताच्या गावात माका गाऱ्हाणा घालूचो मान नाय. आणि माझा चेडू हयच्या देवाक गाऱ्हाणा घालता. आमी हय रवूचा कसा?”

“चूक माझी आहे. मी वाचायला लावलं. परीक्षा तोंडावर आली आहे, भिकाजी. तिला बसू दे.”

“तिच्या मामान थय गावाक स्थळ बघला हा. ह्या आयतवारी तिका धाडतंव.”

गंगा चुलीपाशी होती. तिनं एकदा बाईंकडं पाहिलं आणि फुंकणी उचलली. पोरगी शिकली असती, कुठं पोचली असती ते देव जाणे, आणि आपण तिला वर्गापुढं उभं करून संपवली, असं त्यांना वाटलं. त्या तशाच उठून गोकुळदासांकडं गेल्या.

गोकुळदास वाईट माणूस नव्हते. बाईंना बसायला सांगून त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं. “हांव तुमचेर रागार ना, बाई,” ते म्हणाले. “पूण देवाक हाक मारली आनी मागीर तेका तसोच उबो दवरलो. तेका जाप कोणें दिवची?” देवाला हाक मारून तसाच उभा ठेवला, आता त्याला उत्तर कुणी द्यायचं, असा त्यांचा सवाल होता.

“अहो, ती तुळसा पुस्तकातली. पोरीनं गोष्टीतल्या बाईसाठी लिहिलं. अशी कुणी बाई झालेलीसुद्धा नाही.”

“तेंच म्हणटां हांव,” गोकुळदास शांतपणे म्हणाले. “नाशिल्ल्या मनशाखातीर देवाक उठयलो. खऱ्याखातीर उठयल्लो जाल्यार तो समजून घेतलो.”

नसलेल्या माणसासाठी देवाला उठवलं, हा त्यांचा मुद्दा होता. इतकी वर्षं बाईंनी पोरांना सांगितलं होतं की गोष्टीतलं माणूस खरंच असतं. आणि आत्ता त्यांनीच, अशी कुणी झालेलीच नाही, म्हणून सांगितलं होतं. शेवटी त्या हात जोडून म्हणाल्या, “काय करायचं ते सांगा. पोरीला शाळेत येऊ द्या.”

उपाय सोपा होता. आयतवारी देवळात क्षमेचं गाऱ्हाणं. गंगेनं देवापुढं उभं राहायचं, बाईंनी तिच्या बाजूला, आणि जी पोरं त्या दिवशी हो म्हणाली तीही. मग भिकाजीला गोकुळदास स्वतः सांगणार की चेडवाला परीक्षा देऊन घेऊ दे.

कृष्णनाथ सरांना हे फारच स्वस्तात सुटल्यासारखं वाटलं. “बाई, नारळच तर फोडायचाय. हो म्हणा आणि मोकळ्या व्हा.” बाईंना तसं वाटत नव्हतं. नाही म्हणावं तर पोरगी जाते. हो म्हणावं तर, पोरी, तू आयुष्यात एकदाच खरं लिहिलंस तो गुन्हा होता, असं तिच्या शेजारी उभं राहून सांगायचं. विहीर इकडंही होती आणि तिकडंही. शनिवारपर्यंत बाई नुसत्या तळमळल्या. कुणाला विचारावं तर जिच्याबद्दल विचारायचं ती चुलीपाशी बसलेली, आणि तिला विचारायचं धाडस बाईंना झालं नाही. त्यांनी परीक्षा निवडली.

आयतवारी देऊळ भरलं होतं. गंगा धुतलेल्या परकरात खाली मान घालून उभी. गोकुळदासांनी नारळ ठेवला, हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्या अजाण लेकराच्या हातून चूक जाली. जें उलोवंक फावना तें तिणें उलयलें, जें बरोवंक फावना तें बरयलें. तिका आनी तिका शिकयतल्यांक पदरांत घे म्हाराजा.”

बोलू नये ते बोलली, लिहू नये ते लिहिलं, त्याची ही माफी. “व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला. गुरुदास म्हणाला, सगळा वर्ग म्हणाला, भिकाजी तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला. बाईंचे ओठ मिटलेले होते. गोकुळदास थांबले. त्यांनी मागं वळून पाहिलं, आणि सगळं देऊळ वळलं.

“बाई, तुमीय म्हणा,” ते हळूच म्हणाले. “ना जाल्यार गाऱ्हाणें पुराय जायना.”

गंगेनं मान वर केली होती. ती बाईंच्या तोंडाकडं बघत होती, वर्गात कधी बघितलं नव्हतं इतकं टक लावून. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि ते दोन शब्द म्हटले. ऐकू जातील इतपत मोठ्यानं म्हटले.

पुढं खुरकूत गेली. ती तशीही आपल्या मुदतीनं जातेच, पण गावानं देवाचे आभार मानले. गोकुळदासांनी शब्द पाळला, मामानं बघितलेलं स्थळ मागं पडलं. गंगा परीक्षेला बसली आणि पासही झाली, हे आधीच सांगितलेलं बरं. मराठीत तिला फार चांगले मार्क मिळाले.

पण देवळानंतरच्या सोमवारी ती वर्गात आली, तेव्हाचं बाई पुढं कधी कुणाजवळ बोलल्या नाहीत. पोरगी परत आलेली पाहून त्यांना इतकं हायसं वाटलं की हातातला खडू दोनदा पडला. त्यांनी एक कविता शिकवली, जीव ओतून शिकवली. फळ्यावर काहीच लिहून दिलं नाही. “आता तुम्ही लिहा,” म्हणाल्या.

गंगेची वही त्यांनी सगळ्यांत आधी उघडली. सुंदर अक्षर. एकही खाडाखोड नाही. कविता शिकवताना बाई जे जे बोलल्या होत्या, ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ओळीनं उतरवलेलं. पोरीचं लक्ष तर कधी नव्हे इतकं चांगलं होतं.

शाळा सुटल्यावर बाईंनी तिला थांबवून घेतलं. वर्गात दोघीच होत्या.

“गंगे, हे सगळं माझं आहे गं. यात तुझं कुठं आहे? तुला काय वाटलं?”

गंगा पिशवी भरत होती. तिनं पेनाला टोपण लावलं, वही आत सारली.

“माका काय वाटला ता बरवूचा नसता, बाई.”

“कुणी सांगितलं तुला असं?” बाई जवळजवळ ओरडल्याच. “नाव सांग मला. कोण म्हणालं?”

गंगेच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. परीक्षेत तोंडी प्रश्नाला उत्तर देतात तसं ती सरळ म्हणाली,

“तुमीच म्हणालात, देवळात.”