लोणारची शेवंड

समुद्र माणसाला त्याचं एकटेपण शिकवतो. मला हे शिक्षण एका बरणीतून घ्यावं लागलं, कारण बुलढाणा जिल्ह्यात समुद्र नाही आणि आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात माझ्याखेरीज दुसरा शिक्षक नव्हता.

बरणीत खोल पाण्यातली शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, होती. माझ्या आधीच्या सरांनी ती केरळच्या सहलीत एका मच्छीमार बंदरावरून आणली होती. जिवंतपणी ती नारिंगी असणार. फॉर्मलिननं तिला उकडलेल्या बटाट्याच्या सालीचा रंग दिला होता. दुपारचा डबा मी तिच्या समोरच्या टेबलावर खायचो. स्टाफरूममध्ये पुढचा सत्कार कुणाचा, यावर चर्चा चालायची. शेवंडीला सत्कारात रस नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तपासणी समिती येणार असं कळलं. विभागात दोन विद्यार्थी उरले होते. एकाचं नाव हजेरीपटावर होतं. दुसरी जळगाव जामोदकडून एसटीनं खरोखर येत होती. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, की समितीला काही भावलं तर विभाग राहील, नाहीतर जूनपासून बंद. काहीतरी स्थानिक दाखवा, म्हणाले. बेडूक आहेत, असं मी सुचवलं. त्यांनी विषय बदलला.

समितीच्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं, तर बरणीवर सोनेरी किनारीचं नवं लेबल. शेवंड. प्राप्तिस्थान: लोणार सरोवर.

लोणारच्या त्या क्षारी पाण्यात साधा मासा टिकत नाही. हे जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. सहलीला एकदा तरी प्रत्येकजण तिथं जाऊन नाक दाबून आलेला असतो. आमचा प्रयोगशाळा परिचर कोपऱ्यात ब्रश धूत उभा होता. मी नुसतं लेबलाकडे बोट केलं.

"साहेबानंच सांगतलं सर," तो म्हणाला. "म्हने, समुद्र इथं कोनी पाह्यला? लोणार समद्यायनं पाह्यलं."

यात तर्क होता, हे नाकारता येत नाही. लेबल खरवडायला वेळही नव्हता. फाटकावर लेझीम सुरू झालं होतं. मी हिशेब केला, की एका मेलेल्या प्राण्याबद्दल एक खोटं, आणि त्या बदल्यात ही खोली, हे टेबल, ही रोज येणारी एक मुलगी. मी गप्प राहायचं ठरवलं.

फेटे बांधलेली समिती आत आली. अध्यक्षांनी लेबल मोठ्यानं वाचलं आणि वा म्हणाले. प्राचार्य जिल्ह्याच्या वैभवशाली वारशावर बोलू लागले आणि बराच वेळ थांबले नाहीत. ते थांबल्यावर अध्यक्षांनी त्या मुलीला विचारलं, या प्राण्याबद्दल तुला काय माहिती आहे?

तिनं माझ्याकडे पाहिलं. "सर, सांगू का?"

ती काय सांगणार हे मला कळलं होतं, कारण मीच शिकवलं होतं. तिचे अंतर्गत गुण अजून प्राचार्यांच्या सहीसाठी पडून होते, हेही मला ठाऊक होतं. मग मीच बोललो. म्हणालो, हा प्राणी लोणारचा नाही, लेबल चुकलं आहे.

एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबता येईना. सांगितलं, की ही अरबी समुद्रात दोनशे-तीनशे मीटर खाली, चिखलाच्या तळावर राहते. खामगावच्या जुन्या जिनिंगची आठ-दहा धुराडी एकावर एक उभी करा, आणि सगळ्यात खालच्याच्या बुडाशी ती असते. वरचा उजेड तिथं जवळपास संपलेला असतो. तिची पिल्लं पानासारखी चपटी, काचेसारखी आरपार. कित्येक महिने ती प्रवाहाबरोबर वाहत राहतात, मग कुठंतरी तळ गाठतात. बहुतेकांना तो मिळतच नाही. मोठ्या झालेल्या शेवंडीला स्पृशा, म्हणजे तिच्या लांब मिशा, डोक्यावर घासून करकर आवाज काढता येतो. तो आवाज तिथं कोण ऐकत असेल, याची मला कल्पना नाही.

इतकी माणसं माझं ऐकताहेत असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मुलगी वहीत लिहून घेत होती, जणू तास सुरू आहे.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "खातात का हिला?"

"परदेशी पाठवतात, साहेब," मी म्हणालो. "तिकडं खातात."

त्यांनी मान डोलावली. समिती जेवायला गेली.

संध्याकाळी व्हरांड्यात प्राचार्य भेटले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, हे सगळं जूनमध्ये कोणत्या वर्गाला सांगणार? उत्तराची त्यांना गरज नव्हती. परिचर मात्र खरोखर दुखावला होता. "काऊन बोलले सर?" तो म्हणाला. "शेवंडीले काय फरक पडून राह्यला होता?" फरक तिला पडत नव्हता, हे मला मान्य करावं लागलं.

मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. जूनमध्ये विभाग बंद झाला. मला पहिल्या वर्षाचा पर्यावरणाचा सक्तीचा पेपर मिळाला; त्या वर्गात दीडशे मुलं आहेत आणि परीक्षेखेरीज कुणी येत नाही. डबा मी रिकाम्या वर्गात खातो. आमच्या खोलीत परीक्षा विभागानं कपाटं लावली, आणि तिथल्या वस्तूंचं काय करायचं याचं रीतसर पत्र निघालं.

त्या पत्राप्रमाणे शेवंड सध्या वनस्पतिशास्त्र विभागात आहे.