गादीवर मी बसलो

वहिनी गेल्याचा फोन धुळ्याहून आला आणि तिसऱ्या आठवड्यात शोकसभा झाली. एक पुढारी गळा काढून म्हणाले, "पतीच्या आजारपणात त्यांनी घर सांभाळलं..." घर सांभाळलं! माझं डोकंच फिरलं. अहो, त्या बाईनं घर तर सांभाळलंच, पण अर्ध्या खानदेशचे ट्रक सांभाळले, ते कोण सांगणार?

सत्तरच्या आसपासची गोष्ट. माझा मोठा भाऊ धुळ्यात ट्रकची दलाली करायचा. व्यापाऱ्याला गाडी आणि गाडीला माल मिळवून द्यायचा. अर्धांगवायूनं तो अंथरुणाला खिळला आणि फोन वहिनीच्या हातात आला. सातवी शिकलेली बाई. कुठल्या डाळ मिलला गाडी कधी लागेल, कुठला ड्रायव्हर कुठवर पोचला असेल, बठ्ठं, अगदी सगळं तोंडपाठ. दोन वर्षं तिनं धंदा चालवला, तोही माजघरातून, डोक्यावरचा पदर ढळू न देता... मग दादा गेला. मी बी.कॉम.ला दोनदा आपटून जळगावात उनाडक्या करत होतो. 'दलालीत पडावं का?' असं नुसतं बोलून दाखवलं, तर आबांनी, म्हणजे वडिलांनी, धुळ्याच्या बाजारात माझ्यासाठी गाळाच घेतला. तीन महिने वहिनीनं मला शिकवलं. एकदा मिरची उतरवलेली गाडी मी न धुताच डाळ भरायला पाठवली. तिनं मिलला फोन करून ती अडवली, नाहीतर सगळी डाळ वाया गेली असती. व्यापाऱ्याला वाटलं, अडवली मीच. "पोरगं लई हुशार!" आणि मी निर्लज्जासारखा हसलो.

गाळ्याच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती चहा घेऊन आली. कप ठेवून तिथेच उभी राहिली.

"भाऊ, माले बी एक कोपरामा बठू द्या ना."

एवढंच मागितलं तिनं आयुष्यात. आणि आबांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "वहिनी, लोक काय म्हणतील?" आबांवर, त्या पुढाऱ्यावर कितीही आगपाखड केली तरी ते वाक्य माझं होतं. दुसऱ्या दिवशी फोनही गाळ्यात नेला. आणि लोक काय म्हणाले? पुढचं वर्षभर प्रत्येक व्यापारी म्हणत होता, "जरा वहिनींना विचारून सांगा."

शेवटची भेट तिच्या खोलीत झाली. खाट खिडकीशी, खिडकी आग्रा रोडकडे. नजर गेलेली. बाहेरून एक ट्रक खडखडत गेला. भरलेली गाडी दबून चालते, रिकामीचा मागचा फाळका वाजतो. पण इतकी वर्षं धंदा करूनही माझं लक्ष नव्हतं. वहिनीनं उशीवरच मान वळवली.

"रिकामी गयी, भाऊ... कोनीच ईचारं नही का?"