खुंटीवरचा लाल दिवा

इंद्रजीतला बंद करणं जमत नाही. वाळूजच्या कारखान्यात तो ज्या मशीनवर प्लास्टिकचे भाग काढतो, ते पाळी बदलतानाही थांबत नाही. एकजण उठतो, दुसरा त्याच गरम स्टुलावर बसतो. ही सवय अंगात भिनलेली. उस्मानपुऱ्यातल्या घरी तो पंखा चालू ठेवून बाहेर पडतो, जेवतानाही टाच हलत राहते.

"तुमच्या पायाला जातं बांधलं तर रोजचं पीठ निघंल," बायको संध्या म्हणते.

खुंटीवर त्याचा बेस गिटार, छोट्या स्पीकरला कायम जोडलेला. येता-जाता दोन तारा छेडायच्या, पुन्हा टांगायचा. हा बेस ॲक्टिव्ह आहे. तारांचा कंप टिपणाऱ्या त्याच्या पिकअपना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. वायरची पिन खोचली की बॅटरी सुरू, काढली की बंद. वेगळं बटण नाही. पिन खोचलेली राहिली तर कुणी वाजवो न वाजवो, बॅटरी झिजतच राहते. हे इंद्रजीतला माहीत होतं. पण पिन काढायला हात जात नव्हता.

जयंतीच्या कार्यक्रमात गायिका तनुजा भीमगीताच्या ऐन कडव्यात असताना बॅटरी संपत आली आणि त्याच्या बेसचा आवाज आधी फाटला, मग गेलाच. कीबोर्डवरच्या अभयनं डाव्या हातानं खालचे सूर धरले. लोक टाळ्या देत राहिले. आपण गेलो आणि गाण्याला काहीच झालं नाही, हे इंद्रजीतला आतून खात राहिलं.

गाण्याची पार्टी तनुजाची. ती आडपडदा ठेवत नाही.

"दादा, बिडकीनच्या कार्यक्रमात पुन्हा असं झालं तर मला अभयचा डावा हात पुरंल. गाडीतली एक सीट रिकामी."

"नाय होणार."

"ते बॅटरीला सांगा. मला काय सांगता?"

त्यानं पटाशीनं लाकूड कोरून दुसऱ्या बॅटरीला जागा केली. एकीचं अधिक टोक दुसरीच्या उण्याला जोडलं. अठरा व्होल्ट. या पिकअपना तेवढे चालतात, हे त्यानं आधी बघून घेतलं होतं. त्याचा हात जड. तार जोरात ओढली की आवाज फाटायचा. आता खिडकीची काच थरथरली, पण सूर शाबूत. दोन बॅटऱ्या आहेत म्हणजे टिकतीलही दुप्पट, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. पण अशा जोडणीत जोर वाढतो, आयुष्य वाढत नाही. त्यात, जीव आहे की गेला हे सतत दिसावं म्हणून त्यानं बेसच्या अंगावर एक बारका लाल दिवा बसवला. आता तो उठता-बसता खुंटीकडे बघायचा. लाल दिसलं की छातीतलं काहीतरी तेवढ्यापुरतं खाली बसायचं. पिन खोचलेलीच होती आणि दिवा बॅटऱ्या पीत होता.

बिडकीनच्या मांडवात ऊन तिरपं आलं होतं. आवाज तपासायला त्यानं तार ओढली. स्पीकरमधून कापड टरकावल्यासारखं काहीतरी आलं. दिवा मात्र लालच. त्याला जगायला तेवढंसुद्धा पुरत होतं.

अभयनं कीबोर्ड जरा पुढे ओढला.

"दादा?" तनुजा म्हणाली.

इंद्रजीत बाजाराकडे धावला. चौकोनी बॅटरी कुठंच नव्हती. भिंतीवरच्या घड्याळात घालतात ते पेन्सिल सेल मिळाले. परत येऊन त्यानं सहा सेल टोकाला टोक लावून चिकटपट्टीनं आवळले. दीड-दीड मिळून नऊ. शेजारी त्याचे वडील रामकिसन ढोलकीच्या दोऱ्या ताणून सूर चढवत होते. पार्टीत ढोलकी त्यांची.

"काय गेलं रं?"

"बॅटऱ्या, आबा. पिन लावलेलीच राहती घरी. म्हणलं, वाद्य तयार असावं."

"ढोलकी चढवून टांगली का मी कधी? रातभर ताणून ठिवली तर सकाळी नुसतं डबडं. वाजवून झालं की उतरवायची."

"ही काय ढोलकी हाय का?"

"नाय, हे लई शहाणं हाय. ढोलकी मरती तर पुडी फाडून सांगती. हे मरतं अन् वर दिवा लावून बसतं."

इंद्रजीतनं दिव्याची तार कापली. सेलांचा जुडगा वडिलांच्या रुमालात बांधून गळ्यातल्या पट्ट्याला लटकवला.

मग सत्कार सुरू झाले. शाली, हार, मग पाहुण्यांचे दोन शब्द.

"दोन कधीच झाले," तनुजा पुटपुटली. "हा तिसरा चाललाय."

एरवी या वेळात तो पिन काढत नसे; पिन काढताना स्पीकरमध्ये धाडकन आवाज होतो. आज त्यानं साउंडवाल्याला खूण केली, बेसचा आवाज बंद करायला लावला आणि पिन काढली. मांडीवर नुसतं लाकूड उरलं. दोनदा त्याचा हात पिनकडे गेला, दोनदा त्यानं मागे घेतला. टाच फळीवर आपटत होती.

तनुजा उठली तशी त्यानं पिन खोचली, साउंडवाल्याला आवाज सोडायची खूण केली. काहीच उजळलं नाही. आता तार छेडल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता, आणि नऊच व्होल्ट. जोर केला तर फाटणार. त्यानं बोटाच्या गादीनं तार हलकेच दाबून सोडली.

सूर आला. बारीक, पण आला. ढोलकीच्या खाली जाऊन बसला.

पहिल्या कडव्यात अभयचा डावा हात कीबोर्डच्या पट्ट्यांवर अधांतरी होता. दुसऱ्यात तो मांडीवर आला. तनुजानं मागे वळून पाहिलं नाही. हातानंच खूण केली, कडवं पुन्हा. इंद्रजीतनं पुन्हा वाजवलं, तितक्याच हलक्या बोटानं.

टाच हलतच होती. विझलेल्या दिव्याकडे तो अजूनही सारखा बघत होता.