उपासाचं मोजायचं नसतं

माझ्या नातीला वाटतं, आजी जन्मापासून शहाणी आहे. तिला मी अठ्ठावन्न वर्षांची असताना दाखवायला हवी होती. वजन शंभराच्या पुढे, मधुमेह वीस वर्षांचा, हृदयाच्या एका नळीत स्टेंट, आणि डोक्यात हवा. शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे आपला हिशेब चुकूच शकत नाही याची खात्री.

आमचं घर नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. दुसऱ्या मजल्यावर थांबून मी शेजाऱ्यांच्या कुंड्यांचं कौतुक करायची. कुंड्यांत वाळक्या काड्यांशिवाय काही नसायचं. दम लागलेला असायचा, दुसरं काय!

हृदयाच्या डॉक्टरांनी एक दिवस सरळ सांगितलं, "बाई, गोळ्यांनी होण्यासारखं होतं ते करून झालं. हे वजन आणि ही साखर अशीच राहिली, तर हृदय फार दिवस ओढणार नाही. जठर लहान करायच्या ऑपरेशनचा विचार करा. साखर आटोक्यात येईल, हृदयावरचा भार उतरेल."

जाऊबाईंना कळलं तशा म्हणाल्या, "पोट कापून बारीक व्हायचं? तोंडच शिवायचं होतं की वेळेवर. टाके तरी कमी लागले असते."

मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. ऑपरेशन मात्र ठरलं, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. त्याआधी दोन आठवडे फक्त प्रोटीनची पावडर, ताक आणि पातळ सूप, म्हणजे यकृत जरा आकसतं आणि जठरापर्यंत पोचायला जागा होते. आहारतज्ज्ञ मुलीने रोजचं खाणं लिहायला वही दिली. खाणं कमी होणार म्हणून इन्सुलिनही कमी केलं.

तारीख ऐकून मी मनातल्या मनात टाळी वाजवली. मधे नवरात्र! लग्न झाल्यापासून नऊ दिवसांचे उपास मी कधी चुकवले नव्हते. म्हणजे पथ्यही होणार आणि पुण्यही लागणार. वहीत नऊ दिवस एकाच ओळीत आटोपले: पावडर, ताक, उपास.

आपण खोटं लिहितोय असं मला एकदाही वाटलं नाही, हेच मोठं दुखणं. सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. संध्याकाळी रताळ्याचा कीस. रताळी ह्यांनी मंडईतून एकेक निवडून आणलेली. पण ते सगळं उपासाचं! उपासाचं कधी खाण्यात धरतात का? दसऱ्याला श्रीखंडाला बोटसुद्धा लावलं नाही, आणि स्वतःच्या निग्रहाने मलाच भरून आलं.

ऑपरेशनच्या सकाळी बांगड्या काढल्या, हिरवा गाऊन चढवला. सिस्टरने साखर मोजली. पुन्हा मोजली. मग भूल देणारे डॉक्टर आले.

"काय खात होतात इतके दिवस?"

"काही नाही हो. कडक उपास होते."

ते परप्रांतातले, उपास म्हणजे उपाशी असं समजून त्यांनी मान हलवली. सिस्टर मात्र आपल्याकडची. "मावशी, उपासाला काय काय केलं होतं घरी?"

मी सगळं सांगितलं. किसावर तूप किती घातलं तेही. माझ्या मुलीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"म्हणजे नऊ दिवस तुम्ही नुसता स्टार्च खाल्लात, तोही कमी इन्सुलिनवर," डॉक्टर म्हणाले. "एवढ्या साखरेवर, या हृदयाला मी भूल देणार नाही. घरी जा. महिन्याने बघू."

"अहो, पण पोळीला हात लावला नाही मी!"

"लावला असतात तरी यापेक्षा वाईट झालं नसतं."

बॅग घेऊन परत आलो. दुसऱ्या मजल्यावर छातीत कळ आली आणि मी पायरीवरच बसले. ह्यांनी जिभेखाली गोळी ठेवली. कळ ओसरेपर्यंत माझा हात धरून बसले आणि हळूच म्हणाले, "रताळी मीच आणली."

तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. महिना निघेल का आपला? आणि मग संताप आला. वीस वर्षं प्रत्येक डॉक्टरने विचारलं, गोड खाता का? उपास करता का, हे एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तरी या विदुषीने काय सांगितलं असतं? "करते ना, अगदी कडक!"

दुसरं पथ्य ऐन दिवाळीत आलं. सुनेच्या चकलीच्या पिठाचं मीठ बघायला जिभेला कण लावला, तोही वहीत लिहिला: चकलीचं पीठ, तिळाएवढं. आहारतज्ज्ञ पोरगी हसली. मला हसू आलं नाही.

तुळशीच्या लग्नाआधी ऑपरेशन झालं. वर्षभरात वजन उतरलं, इन्सुलिन सुटलं. रक्त पातळ करायची गोळी मात्र जन्माची. "झालेलं नुकसान पुसता येत नाही," हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "पुढचं लांबवलं." एवढं जठर कापून नुसतं लांबवलंच! अजून चिडचिड होते.

पुढच्या नवरात्रात मी उपास धरला नाही. घटापुढे बसून वाटीभर मुगाचं वरण चमच्या-चमच्याने खाल्लं.

"देवी कोपेल हो," जाऊबाई म्हणाल्या.

"कोपू दे," मी म्हटलं. "तिला समजावता येतं. छातीला नाही."