ठोकळे सोडल्यावर

यंत्राशी स्वतःच्या शब्दांत बोलणं हा माणसाच्या स्वातंत्र्याचा क्षण असतो. आमच्या शाळेत तो क्षण सकाळपासून भिंतीवर आपटत होता. सातवीतल्या रेवाने पडद्यावरचे रंगीत ठोकळे जुळवणं सोडून रोबोचा सगळा कोड स्वतः टाइप केला होता, पण भिंत आली तरी रोबो थांबेना.

“रेवाबाई, ठोकळ्यांवर या आता,” विज्ञानाचे सर म्हणाले. “दुपारी पाहुणे येताहेत.”

“नाही सर. मी लिहिलंय, मीच चालवणार.”

ती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली. ठोकळ्यांत बराचसा विचार दुसऱ्याने करून ठेवलेला असतो. स्वतः लिहिलं की चूकही आपलीच, आणि ती शोधायचा हट्टही आपलाच.

कोडमध्ये चूक सापडली नाही. मग तिने रोबो उचलून भिंत ओळखणारा सेन्सर रुमालाने पुसला. रोबो भिंतीपाशी थांबला.

खंडेनवमीच्या पूजेत सरांनी त्या सेन्सरवरच कुंकू लावलं होतं.